लुगडं, विग आणि सेन्सॉरची कात्री

दिवाळी आटोपली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस लागतात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरेधायरे जमतात. दिवसा खडी गंमत नाहीतर दंडार ही लोकनाट्यं, रात्री झाडीपट्टीचं नाटक. साकोली, लाखनी, लाखांदूरच्या पट्ट्यात हा रिवाज अजून टिकून आहे. खडी गंमत म्हणजे उभ्यानं रंगणारा खेळ. डफ, ढोलकी, टुणटुणं, चोनकं यांच्या साथीनं शाहीर गातो आणि त्याच्यासमोर लुगडं नेसलेला, डोळ्यांत काजळ घातलेला नाच्या थिरकतो. शाहीर छेड काढतो, नाच्या ठसक्यात जबाब देतो आणि म्हाताऱ्या बायांपासून शाळकरी पोट्ट्यांपर्यंत सगळं गाव हसून लोटपोट होतं. लुगड्याआड पुरुष आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

असाच एक खेळ १९५९ साली हॉलिवूडच्या पडद्यावर रंगला. दिग्दर्शक बिली वाइल्डर, चित्रपट 'सम लाइक इट हॉट'. १९२९ सालच्या शिकागोतले दोन कडके वादक गुंडांनी पाडलेले मुडदे नको तेव्हा पाहतात आणि जीव वाचवायला बायकांच्या वाद्यवृंदात बायका होऊन शिरतात. टोनी कर्टिसची होते जोसेफिन, जॅक लेमनची डॅफ्नी. जोसेफिनचा जीव मेरिलिन मन्रोवर जडतो आणि डॅफ्नीवर ऑसगुड नावाचा उतारवयातला लक्षाधीश भाळतो. शेवटच्या प्रसंगात डॅफ्नी आणि ऑसगुड मोटारबोटीत शेजारी बसलेले असतात. लग्न का होऊ शकत नाही याची कारणं सांगून सांगून लेमन थकतो, विग उपटतो आणि मी पुरुष आहे म्हणून सांगून टाकतो. ऑसगुडच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. प्रत्येकात काही ना काही उणं असायचंच, अशा अर्थाचं एक वाक्य टाकून तो हसतमुखानं बोट हाकत राहतो आणि चित्रपट संपतो.

आश्चर्य असं की हा शेवट ज्या काळात प्रेक्षकांसमोर आला त्या काळात अमेरिकी चित्रपटात पुरुषाचं पुरुषावर प्रेम दाखवायलाच काय, सुचवायलाही मनाई होती. मग हे सुटलं कसं? आणि वैनगंगेकाठच्या गावात, कुठल्याही सेन्सॉरशिवाय, असाच खेळ पिढ्यान् पिढ्या कसा चालला?

बंदीच्या पोटी जन्मलेली कला

हॉलिवूडच्या निर्मात्यांनी १९३० साली स्वतःसाठी एक आचारसंहिता मान्य केली. सरकारनं बाहेरून लादण्याआधी आपणच घालून घेतलेलं हे कुंपण. चार वर्षं ती कागदावरच राहिली. जुलै १९३४पासून मात्र जोसेफ ब्रीन या गृहस्थांच्या कार्यालयानं ती कडकपणे राबवायला सुरुवात केली. पटकथा आधी तपासून घ्यायची, मंजुरीचा शिक्का घ्यायचा, शिक्क्याविना चित्रपट लावला तर २५,००० डॉलर दंड. लांबलेली चुंबनं नकोत, धर्मगुरूंची टिंगल नको, व्यभिचाराचं समर्थन नको. समलिंगी आकर्षणाला तर तिनं 'विकृती' ठरवलं आणि त्याचा नुसता संकेतही निषिद्ध केला. ही संहिता १९६८पर्यंत टिकली.

नेमकी याच काळात रोमँटिक कॉमेडी बहरली! शय्यागृहाचं दार बंद झाल्यावर लेखकांनी सगळा शृंगार संवादांत, कपड्यांत, गैरसमजांत आणि दारांच्या उघडझापीत ओतला. स्त्री-पुरुषांच्या प्रेमाला जर आडवाटेनं जावं लागत होतं, तर दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या ओढीला ती आडवाट आयतीच मिळाली. तिथून ती तीन रूपांत आत शिरली.

पहिलं रूप नायकाच्या मित्राचं. 'टॉप हॅट' (१९३५)सारख्या चित्रपटांत एडवर्ड एव्हरेट हॉर्टन हा नट दिसतो. नीटनेटका, धांदरट, बायकोपेक्षा मित्रात आणि नोकरात जास्त रमणारा. त्याच्याबद्दल पडद्यावर कुणी काही बोलत नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं.

दुसरं रूप वेशांतराचं. जॉर्ज क्यूकर या दिग्दर्शकाच्या 'सिल्व्हिया स्कार्लेट' (१९३५)मध्ये कॅथरीन हेपबर्न मुलगा बनून फिरते. एक चित्रकार त्या 'मुलाकडे' ओढला जातो आणि स्वतःच गोंधळतो. एक बाई तर त्या मुलाचं चुंबन घेते. कथेच्या हिशेबानं सगळं शुद्ध, कारण मुलगा ही मुळात मुलगीच. पण ते उलगडेपर्यंतच्या मधल्या घटकाभरात प्रेक्षकानं जे पाहिलं ते पाहिलंच. क्यूकर स्वतः समलिंगी होते आणि चित्रपटसृष्टीतल्या मंडळींना ते ठाऊक होतं.

तिसरं रूप दुहेरी अर्थाच्या बोलण्याचं. 'ब्रिंगिंग अप बेबी' (१९३८)मध्ये कॅरी ग्रँटचे कपडे हेपबर्न धोब्याकडे धाडते. मग तो तिचाच झालरीचा झगा घालून दार उघडतो आणि समोरच्या म्हातारीवर खेकसतो की मला अचानक 'गे' व्हायची लहर आली. सर्वसाधारण प्रेक्षकाला त्या काळी 'गे' म्हणजे आनंदी, उल्हसित. मोजक्या लोकांत मात्र तो शब्द आजच्या अर्थानं रुळू लागला होता. ब्रीनच्या कार्यालयाला एक विनोद दिसला, थिएटरातल्या काहींना दुसराच.

या तिन्हींवर कडी केली ती 'पिलो टॉक'नं. सालही १९५९च. रॉक हडसन यात बायकांच्या मागे लागणारा छेलबटाऊ आहे. डोरिस डेला फशी पाडायला तो भोळ्या टेक्सासवाल्याचं सोंग घेतो आणि त्या सोंगातही आपण जरा 'तसे' असल्याचा संशय तिच्या मनात पेरतो. प्रत्यक्ष आयुष्यात हडसन समलिंगी होता. ही गोष्ट त्याला कारकीर्दभर लपवावी लागली आणि १९८५ साली त्याच्या आजारपणात ती जगजाहीर झाली. म्हणजे समलिंगी नट, तो रंगवतो बाईवेडा पुरुष, आणि तो पुरुष करतो समलिंगी असल्याचं नाटक. लाखो लोक हे पाहून हसले, आणि कितव्या थरावर हसतो आहोत हे फार थोड्यांना माहीत होतं.

आडून बोलणं आपल्याला नवं नाही

ओळींच्या मधला मजकूर वाचायची ही विद्या मराठी प्रेक्षकाला अमेरिकेकडून शिकायची गरज नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आलं. गोष्ट महाभारतातली, पण कीचकात लोकांनी लॉर्ड कर्झन ओळखला, द्रौपदीत पारतंत्र्यातला देश, सोशिक धर्मराजात मवाळ आणि संतापलेल्या भीमात जहाल. रंगमंचावर एकाही इंग्रजाचं नाव नव्हतं. तरी १९१० साली सरकारनं नाटकावर बंदी घातली. न बोललेला मजकूर प्रेक्षकांनाही ऐकू आला होता आणि साहेबालाही.

राजकारणातला हा गर्भितार्थ आपण शाळेपासून शिकतो, परीक्षेत लिहितो. प्रेमाच्या बाबतीत मात्र तेच डोळे मिटून घेतो. वास्तविक त्या काळच्या मराठी रंगभूमीवर जे रोज उघड घडत होतं ते पाहून हॉलिवूडच्या ब्रीनसाहेबांना घाम फुटला असता.

'संगीत मानापमान' घ्या. १९११ सालचं, खाडिलकरांचंच. श्रीमंताची गर्विष्ठ लेक भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला झिडकारते, पुढं वनमाला या नावानं वेश पालटून त्याच्याजवळ येते आणि त्याच्यावर जीव टाकते. भांडण, वेशांतर, गैरसमज, शेवटी मीलन: रोमँटिक कॉमेडीचे सगळे जिन्नस यात आहेत. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रसिद्ध प्रयोग झाला. भामिनी होते बालगंधर्व, धैर्यधर होते केशवराव भोसले, आणि केशवरावांनी स्वतःही आधी स्त्रीभूमिका गाजवल्या होत्या. दोन पुरुष एकमेकांना आळवत पदं गात होते, समोर खच्चून भरलेलं प्रतिष्ठित प्रेक्षागृह होतं आणि पैसा देशकार्याला जाणार होता. यात कुणाला काही गैर वाटलं नाही. उलट बालगंधर्वांचं लुगडं कसं, केसांची ठेवण कशी, हे पाहून घरंदाज बायका तसं नेसू-नटू लागल्या. एका पुरुषाकडून बायका बाईपण शिकत होत्या.

सिनेमाची सुरुवातही अशीच. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३)मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. पडद्यावरचा राम ज्या सीतेसाठी व्याकूळ होतो ती त्याच्याच देहात आहे, असा चमत्कार फाळक्यांच्या कॅमेऱ्यानं करून दाखवला.

भंडाऱ्यात विग उपटावा लागत नाही

शहरातल्या कंपन्यांतून स्त्रीवेषधारी नट हळूहळू गेले, बायका रंगमंचावर आल्या. झाडीपट्टीत पुरुषानं लुगडं नेसायची चाल त्यानंतरही बराच काळ राहिली. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा मुलूख. त्यातला गोंदिया १९९९पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी इथल्या झाडीबोलीचा आणि लोककलांचा अभ्यास आयुष्यभर केला. दंडारीचे प्रकार सांगतात त्यातली परसंगी दंडार म्हणजे प्रसंग रचून, पात्रं घेऊन केलेली दंडार. झाडीपट्टीच्या नाटकाचं मूळ तिच्यात सापडतं. आज हे नाटक म्हणजे दिवाळी ते होळी चालणारा मोठा व्यवसाय आहे. पलीकडच्या गडचिरोलीतलं वडसा हे त्याचं केंद्र, आणि तिथल्याच रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आता नाटकांत स्त्रीभूमिका स्त्रियाच करतात. खडी गंमतीत आणि दंडारीत नाच्या अजून भेटतो.

आता हॉलिवूडचा खेळ आणि भंडाऱ्याचा खेळ शेजारी ठेवा. वेश तोच, हशा तोच, पण आतलं यंत्र अगदी वेगळं.

हॉलिवूडची कॉमेडी चालते ती उघडं पडण्याच्या भीतीवर. डॅफ्नी पुरुष आहे हे प्रेक्षकाला माहीत आहे, ऑसगुडला नाही. त्या अज्ञानाच्या फटीतून विनोद येतो. म्हणून कधीतरी विग उपटावाच लागतो. विग निघाला की गोंधळ मिटतो, पुरुष पुन्हा पुरुष, बाई पुन्हा बाई, आणि शेवटी एक सुरक्षित लग्न. सेन्सॉर निर्धास्त होतो. वाइल्डरनं नेमकं इथंच प्रेक्षकाला चकवलं. विग उपटला, पण गोंधळ मिटवलाच नाही. लेमननं खरं सांगितलं आणि समोरच्याचं काहीही बिघडलं नाही. संहितेच्या मंजुरीशिवाय प्रदर्शित झालेला हा चित्रपट तुफान चालला. २००० साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं अमेरिकेतल्या सर्वोत्तम विनोदी चित्रपटांची यादी केली तेव्हा तो पहिल्या क्रमांकावर होता.

खडी गंमतीत हे उपटणं नाहीच, कारण तिथं फसलेला कुणी नसतो. शाहीर फसलेला नाही, प्रेक्षक तर नाहीच. समोर थिरकणाऱ्या नाच्याची धानाची बांधी कुठं आहे आणि त्याची पोरं कितव्या इयत्तेत आहेत हे लोकांना माहीत असतं. तरी शाहीर त्याला बाई म्हणून छेडतो, तो बाई म्हणून लाजतो, आणि सगळे मिळून तो संकेत पाळतात. रहस्य नाही म्हणून स्फोटही नाही. खेळ संपल्यावर पुरुषपण 'सिद्ध' करणारा प्रसंग लागत नाही. पाश्चात्त्य विनोदाला जे लपवावं लागलं ते इथं भर दुपारी, मंडईच्या गर्दीत, लेकीजावयांसमोर चाललं. आणि ही गर्दी साधीसुधी नसते. झाडीपट्टीत याच दिवसांत सोयरिकींची बोलणी होतात, नाटकाच्या निमित्तानं आलेले पाहुणे मुलगी पाहून जातात. ज्या गावात लग्नं जुळताहेत, त्याच गावात दोन पुरुष एकमेकांशी लाडिक सवालजबाब करताहेत, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

इथं एक पथ्य मात्र पाळायला हवं. नाच्या लुगडं नेसतो यावरून तो खासगी आयुष्यात कोण हे ठरत नाही. बहुतेक नाचे संसारी, कष्टकरी माणसं. अर्थ लावायचा तो प्रसंगाचा. माणसाची झडती घ्यायची नाही.

सोंगाला मुभा, माणसाला नाही

मग भंडारा जिंकला आणि हॉलिवूड हरलं, असं म्हणायचं का? तितकं सोपं नाही. गावानं मुभा दिली ती सोंगाला. लुगडं फिटलं की मुभा संपली. ढोलकी थांबल्यावर चालीत, बोलण्यात, नजरेत तेच मार्दव उरलं तर हशाचं हेटाळणीत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीतला गुणा, आणि १ जानेवारी २०१० रोजी आलेल्या रवी जाधव यांच्या चित्रपटातला अतुल कुलकर्णींचा गुणा, याच दरीत कोसळतो. पिळदार शरीराचा हा गडी तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो आणि घर, गाव, मान सगळं गमावतो. टाळ्या वाजवणारे हात आणि फिरवलेली तोंडं एकाच गावातली असतात.

ही दरी सगळ्यात गमतीनं दाखवणारा मराठी चित्रपट तुम्ही नक्की पाहिला आहे, बहुधा अनेकदा. १९८८ सालचा 'अशी ही बनवाबनवी'. हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६)वर बेतलेला, वसंत सबनीसांच्या संवादांनी अजरामर झालेला. पुण्यात घर हवं आहे आणि लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांनाच जागा देतात. चार तरुणांपैकी सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साड्या नेसतात, सुधा आणि पार्वती होतात, आणि दोन 'संसार' थाटले जातात. पुढं पार्वतीला 'दिवस' जातात. तिचं डोहाळजेवण आठवा. फुलांत मढलेला लक्ष्या, भोवती बायका, आणि अशोक सराफचा धनंजय माने हा होणारा 'बाप'. उभ्या महाराष्ट्रानं हा सोहळा सहकुटुंब पाहिला आणि आजही टीव्हीवर लागला की पाहतो.

हसू ओसरल्यावर कथेचा पाया पुन्हा बघा. चार अविवाहित पुरुषांना छप्पर मिळत नाही. तेच पुरुष नवराबायको म्हणून आले की मिळतं. घरमालकिणीला माणसं कशी आहेत याच्याशी देणंघेणं नाही, साचा जुळला पाहिजे. दोन पुरुषांचं एकत्र राहणं मान्य होण्यासाठी त्यांतल्या एकानं साडी नेसावी लागते, ही गोष्ट चित्रपटानं विनोद म्हणून सांगितली. कितीतरी जोडप्यांसाठी ती रोजची अडचण आहे.

'सम लाइक इट हॉट'मध्येही हेच मर्म एका शब्दात येऊन जातं. पुरुषानं पुरुषाशी लग्न कशाला करायचं, असं मित्र विचारतो. लेमन उत्तर देतो: सुरक्षिततेसाठी! थिएटर हसतं. पण लग्न माणसाला खरोखर काय देतं? घर, वारसा, दवाखान्यात सही करायचा हक्क, समाजात उभं राहायला जागा. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७मधून सज्ञानांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना वगळलं. प्रेम गुन्हा राहिला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि तो विषय संसदेवर सोपवला. रोमँटिक कॉमेडीचा शेवट लग्नानं होतो, आणि भारतात हा शेवट कायद्यानं अजून सगळ्यांना खुला नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हॉलिवूडनं माणसं लपवली आणि विनोदात त्यांच्यासाठी फटी ठेवल्या. आपण सोंगं मिरवली आणि माणसांकडे पाहायचं टाळलं. या दोहोंपैकी कशाचाच फार अभिमान बाळगण्यासारखा नाही. पण आपल्याकडे एक गोष्ट आहे जी ब्रीनच्या अमेरिकेकडे नव्हती: बाईच्या वेशातल्या पुरुषाकडे पाहून न घाबरता हसणारा, रात्र रात्र बसून दाद देणारा प्रेक्षक. ही दाद रंगमंचाखाली उतरवायची आहे, इतकंच.

आणि भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात एखादा जुना नाच्या असेल तर या मंडईत त्याच्याशेजारी बसा. लुगडं नेसायला कुणी शिकवलं, ठसका कुठून उचलला, घरचे काय म्हणाले, बिदागी किती मिळायची, हे विचारा आणि त्याच्या परवानगीनं लिहून घ्या. हॉलिवूडच्या प्रत्येक फुटकळ नटावर आज पुस्तकं आहेत. आपल्या नाच्यांवरही व्हायला हवीत, आणि ती गावातल्या माणसांनीच लिहायला हवीत.